दुसरी आवळणी

या, असे जवळ सरकून बसा. एका बहिणीची, तिच्या भावाची आणि बापाची गोष्ट सांगायची आहे. लहानशीच आहे, पण मन इकडेतिकडे जाऊ देऊ नका.

तिने पाना लावला आणि बोल्ट सहज फिरला. त्यावरची पिवळी रेघ मधोमध तुटली. शेजारचा बोल्टही तसाच. त्याच्या पलीकडचाही.

ती शर्यतीची गाडी चालवायची. गॅरेज घरचं, गाडीही घरचीच. पण अलीकडे प्रत्येक शर्यतीत निम्म्यावर आली की तिचं डोकं जड व्हायचं, डोळ्यांवर झापड यायची आणि गाडी मागे पडायची. सगळ्यांच्याच अंगाला वेग सोसत नाही बाळा, असं बाबा मायेने म्हणायचे. थोरला भाऊ चिडवायचा, की भिंगरी, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवायचा असतो, उशीवर नाही. या रविवारीही तसंच झालं तर गाडी भावाच्या हाती द्यायची, हे तिनेच कबूल केलं होतं. खोट आपल्याच अंगात आहे, अशी तिची खात्री झाली होती.

आणि आज हे बोल्ट.

इंजिनातला जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याला हेडर म्हणतात. तो इंजिनाला घट्ट बसला नाही, तर वायू फटीतून निसटतो. गाडीचा जोर जातो. तोच वायू आत शिरला, तर चालवणाऱ्याची शुद्धही जाते. म्हणून बाबांनी गॅरेजात एक नियम घालून दिला होता. हेडर बसवायचा, इंजिन तापवायचं, पुरतं गार होऊ द्यायचं आणि मग सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे. कारण पहिल्या तापाने हेडर आणि इंजिन यांच्या मधलं पॅकिंग दबतं आणि बोल्ट ढिले पडतात. ही दुसरी आवळणी झाल्यावरच बोल्टवरून खालच्या लोखंडापर्यंत पिवळी रेघ ओढायची. रेघ म्हणजे दिलेला शब्द. ती दिसली की या घरात कुणी परत पाना लावत नसे.

इथे रेघ होती. आवळणी नव्हती.

हेडरचं काम भावाकडे होतं. तिने त्याला बोलावलं. तो वाकला, रेघ निरखून पाहिली आणि त्याचा चेहरा पडला. तोंडातून शब्द नाही. तिने मात्र त्याला नाही नाही ते सुनावलं. गाडी हवी होती तर मागून घ्यायची होती, सख्ख्या बहिणीला विषारी धूर कशाला पाजलास, असंही म्हणाली. बाबा कोपऱ्यात पाठमोरे उभे राहून लोखंडावर कानस चालवत होते. त्यांनी मान वळवली नाही.

"दादा, आजपासून माझ्या गाडीला हात लावायचा नाही," ती म्हणाली.

त्याने हात पँटला पुसले. जाता जाता बाबांपाशी थबकला, हलकेच काहीतरी बोलला आणि निघून गेला.

मग तिने सगळं नव्याने केलं. हेडर उतरवला. काजळी खरवडली. सरळ पट्टी आडवी धरून लोखंड कुठे वाकलंय का ते पाहिलं. नवं पॅकिंग घातलं. बोल्ट आधी नुसत्या हाताने बसवले, मग मधल्यापासून सुरुवात करून कडेकडे आवळत गेली. इंजिन तापवलं, गार होऊ दिलं, पुन्हा आवळलं. स्वतःच्या हाताने रेघा ओढल्या. त्या सुकेपर्यंत तिथेच बसून राहिली. आता जेवून ये, असं बाबा म्हणाले, म्हणून गेली.

परत येऊन तिने गाडी चालू केली. टिक, टिक, टिक. इंजिनाच्या कुशीतून बारीक टिकटिक, वायू निसटल्याची.

तिने गाडी बंद केली आणि रेघेवर बोट फिरवलं.

बोट पिवळं झालं. रंग ओला होता.

भाऊ तर केव्हाच गेला होता. गॅरेजात दुसरं कुणीच नव्हतं. ती बाबांकडे बघत राहिली. बाबांनी कानस खाली ठेवली.

"तुला नको म्हणायची माझी छाती झाली नाही," ते म्हणाले. "मीच शिकवलं, मीच चारचौघांत मिरवलं. पण तू वेगात असलीस की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही गं. म्हणून गाडीकडून नको म्हणवलं."

दादा दर वेळी इमानाने आवळून जायचा. ते मागाहून सैल करायचे आणि जुनी रेघ पुसून नवी ओढायचे. काचा उघड्या असतात, एवढ्याशा धुराने काय होतंय, असं मनाला समजवायचे. हे सगळं त्यांनी खाली मान घालून सांगितलं. तिला वाटलं, आपण ज्या जमिनीवर चालायला शिकलो, तीच कुणीतरी पायाखालून ओढून घेतली.

"मग दादा गप्प का बसला?"

बाबा म्हणाले, "रेघ आपल्या हातची नाही, हे त्याने पाहताक्षणी ओळखलं. जाताना मला म्हणाला, 'माझ्यावरचा विश्वास उडाला तरी ती गाडी चालवेल, बाबा. तुमच्यावरचा उडाला तर ती कुणाच्या भरवशावर बसेल? मी वाईट ठरतो. तुम्ही तेवढं बोल्टांना परत हात लावू नका.'"

आणि त्यांनी लावला होता.

तर मंडळी, ती शर्यत कोण जिंकलं हे मला विचारू नका. बापाचा राग येईल तो येऊ दे, पोरीसाठी जीव तुटेल तोही तुटू दे. पण देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या थोरल्या भावाची आठवण काढा. कारण त्याने बापावर टाकलेला विश्वासही बापाने त्या दिवशी त्याच हातांनी सैल केला, आणि हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.