रुसलेली गिरणी

"कुणाला सांगून पटणार न्हाय, पर आठवडाभर गिरणीला कुलूप हुतं, आन् माझं एक गिऱ्हाईक म्हणून तुटलं न्हाय!"

मच्छे गावात, स्वतःच्या पिठाच्या गिरणीच्या दारात उभं राहून महादेवने हे जाहीर केलं. ऐकायला बाकावर तिघं होती आणि त्यांच्या पायांशी दळणाचे डबे. खोटं म्हणायची सोय नव्हती. न तुटलेली गिऱ्हाइकं म्हणजे तीच.

गल्लीत गिरण्या दोन, समोरासमोर. इकडे महादेव, तिकडे ज्योतिबा. वैर असं की एका दारातलं कुत्रं दुसऱ्या दारात तंगडी वर करायलाही जात नसे. गल्लीनेही बाजू वाटून घेतल्या होत्या. खरं सांगायचं तर हे वैर मालकांपेक्षा गिऱ्हाइकांनीच जास्त जिवापाड जपलं होतं.

गेल्या आठवड्यात मात्र कडेलोट झाला. ज्योतिबाने आपली स्कूटर महादेवच्या पायरीला टेकवून लावली. महादेवने ती ढकलून दिली. मग दोघांनी एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरल्या. ज्योतिबाची बायको भैरवी अशी कडाडली की कारखान्याचा भोंगा त्या दिवशी कुणाला ऐकूच आला नाही.

"असल्या शेजाऱ्याच्या तोंडापुढं धंदाच नगं!" म्हणत महादेवने कुलूप ठोकलं आणि बायकोला, प्रियदर्शनीला, घेऊन नंदगडला सासुरवाडीला निघून गेला.

गिरणीवाल्याने असं रुसणं म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय. घर चालायचं ते गिरणीवर, आणि या धंद्यात डबा एकदा पलीकडच्या दारात गेला की परत येत नाही. म्हणून तर गिरणीवाले तापातसुद्धा पट्टा चढवतात. आज महादेवने खाली मान घालूनच कुलूप काढलं. पण बघतो तो काय, बाकावर रांग!

"तुटतोय कशाला?" ओमकार म्हणाला. तो कारखान्यात लेथवर कामाला. "त्या ज्योतिबानं माझे गहू असे दळले, चपाती म्हणायची का पॉलिश पेपर? बायको ताट वाढून म्हणाली, दात सांभाळा."

"मला उनात हुबा केला," रवळू म्हणाला. "म्हादेवचं गिऱ्हाईक न्हवं तू, मग बाकावर बसायचं न्हाय म्हणाला! आन् त्याच्या माणसांचं पीठ कसं, पावडरीगत."

"हाताला गुण लागतोय, रवळू." महादेवने मिशीवरचं पीठ झटकलं.

"तू बी काय कमी न्हाईस. गेल्या दिवाळीत त्यो रुसून गेलता, तवा त्याच्या गिऱ्हाइकांना भरडा चारलास!"

"मग? सोडतोय व्हय?"

बाक खदखदून हसला. यशोदाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. गल्लीतलं सगळ्यात जुनं माणूस. जोंधळ्याचा डबा मांडीशी घेऊन त्या कडेला पान चघळत बसल्या होत्या.

"नंदगडात काय करत हुतास रं एवढे दिवस?" त्यांनी विचारलं.

"काय करायचं, आक्का? सासऱ्याच्या दारातल्या फणसाखाली बाजलं टाकलं आन् झोपलो. संताप, दुसरं काय!"

"नाक सोलून निघालंय की तुझं."

"ऊन लई हाय तिकडं."

"फणसाखाली?"

महादेव घाईघाईने ओमकारचे गहू ओतायला वळला.

तेवढ्यात समोरून भैरवी तरातरा आली. काखेत फडक्याने तोंड बांधलेला डबा.

"ह्यो तुमच्या कुणाचा तरी डबा आमच्यात राहिलाय! तुमच्या गिऱ्हाइकाची चिमूट बी आमच्या घरात नगं!" तिने तो पायरीवर असा आपटला की खणखणाट झाला.

"ठिवलास न्हवं? आता चालू लाग!" महादेवने डब्याकडे न बघता तो पायाने आत, फळीखाली सरकवला. भैरवी नाक मुरडून गेली. बाकाला धन्य वाटलं. गिरण्या चालू, वैर चालू, म्हणजे गल्ली रुळावर आली.

ओमकार गेला, रवळू गेला. उरल्या यशोदाबाई. त्यांचा जोंधळा जात्यात पडला तसं त्यांनी हळूच विचारलं, "म्हादेवा, सावलीत नाक सोलत न्हाय. खरं सांग, कुठं गेलतास?"

महादेवने दाराबाहेर डोकावून घेतलं.

"गोकर्णाला, आक्का. हिला समुद्र बगायचा हुता. पाण्यातनं बाहेर यायलाच तयार न्हाय, पोरीगत खिदळत हुती. मी बी वाळूत पडून ऱ्हायलो, कानात गिरणीची घरघर न्हाय, कायबी न्हाय. पर कुणाला सांगू नगासा. मजा मारायला गिरणी बंद ठिवली म्हटलं तर लोक म्हणत्यात, ह्याला पैसा जास्त झालाय. रुसून गेलो म्हटलं की बिचारे वाट बगत्यात."

"आन् आठवड्याची कमाई?"

"बुडाली की." महादेवने मोठा सुस्कारा सोडला. "समुद्र काय फुकट बगायला मिळतोय?"

"अरारारा," यशोदाबाई म्हणाल्या.

त्यांनी ऊन ऊन पिठात बोट बुडवलं, चिमूट चोळून बघितली आणि डबा काखेत मारला. पायरी उतरून त्या बरोबर दोन गिरण्यांच्या मध्ये, भर रस्त्यात थांबल्या. ज्योतिबा समोर पट्टा सारखा करत होता, त्याचा हात थबकला.

"म्हादेवा," त्या दोन्ही दारांत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "पिठाचा डबा आपटला तर धप्प वाजतोय, रं, भैरवीनं आणलेला चिल्लरीगत खणखणला! ह्या दिवाळीला रुसायची पाळी ज्योतिबाची, ते जाऊ दे. पर पुढल्या उनाळ्यात तुझी पाळी आली की त्याला बजावून जा, यशोदाआक्काचं पीठ तेवढं बारीक काढ म्हणावं!"