डावी स्प्रिंग

गजेंद्रने पुढच्या दोन्ही स्प्रिंगांची अदलाबदल केली, गाडी जॅकवरून खाली सोडली आणि चार पावले मागे जाऊन डोळे बारीक केले. सकाळी डावीकडे कललेली ती लाल, उघडी, दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार आता उजवीकडे कलली होती.

"चेसी सरळ आहे, साहेब. स्प्रिंगच बसलीय. सकाळी डावीकडे होती ती. नवी टाकली की ओढणं बंद."

मानसिंगरावांचा चेहरा जरा पडला. रविवारी बडोद्यातल्या जुन्या गाड्यांची फेरी होती आणि त्यांच्या बायकोला, पूर्णिमाला, त्यात ही गाडी चालवायची होती. 'डावीकडे ओढते, तुला नाही झेपायची,' हे कारण महिनाभर छान चालले होते. मेकॅनिकने तेच दुरुस्त करायला घेतले.

राहिले ठेवणीतले कारण. "आमच्या बाबांनी या स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही," ते म्हणाले. "दर रविवारी आईला शेजारी बसवून आजव्याच्या तलावावर जायचे. बाकी आठवडाभर गाडीवर कापड."

"तुम्हालाही कुठे लावू दिला होता?" शेजारी उभी असलेली पूर्णिमा म्हणाली.

बाबा, श्रीपतराव, म्हणजे एकशे दहा किलोंचा रुबाब. त्यातले किलो मुलाकडे आले नाहीत, रुबाब तेवढा आला. पण गाडीत बसले की या सडपातळ मुलाचेही गुडघे स्टिअरिंगला घासत. सीट अगदी पुढे ओढलेल्या जागी गंजून अडकली होती. जुन्या गाड्या अशाच असतात, असे ते पाहुण्यांना अभिमानाने सांगत.

व्हरांड्यात झोपाळा संथ हलत होता. त्यावर त्यांची आई, सुहासिनीबाई, डोळे मिटून बसल्या होत्या. वय त्र्याऐंशी, वजन वयाच्या निम्मे, आणि जन्मभर तेवढेच. दुपारचे ऊन पायांवर आले होते. उजवे पाऊल तेवढे फरशीवर हळूच दाबले जाई, सुटे, पुन्हा दाबले जाई.

"एक समजत नाही, साहेब," गजेंद्र म्हणाला. "नेहमी ड्रायव्हरची बाजू आधी बसते. इथे वर्षानुवर्षं कोणी जड माणूस डावीकडे बसलाय. आणि चालवणारा अगदी फुलासारखा. बघा ने, मूळची उजवी स्प्रिंग अजून ताठ आहे."

"तुमचं काहीतरी चुकतंय."

"माझं चुकेल. लोखंडाचं कसं चुकेल?"

झोपाळा थांबला.

"पाणीगेटच्या वेशीपर्यंत तुझे बाबा चालवायचे," सुहासिनीबाई डोळे न उघडताच म्हणाल्या. "लोक बघायचे ना. पुढे झाडांखाली थांबून आम्ही जागा बदलायचो. मग आजव्याचं पाणी दिसेपर्यंत मी. ते शेजारी बसून गाणं म्हणायचे. फार बेसूर, पण वेग वाढवला की थांबायचे."

मानसिंगराव त्या पुढे ओढलेल्या सीटकडे बघत राहिले. हातातली किल्ली पूर्णिमाने कधी काढून घेतली, त्यांना कळलेही नाही.

झोपाळा पुन्हा हलू लागला.

"आणि पूर्णिमा," सासूबाई म्हणाल्या, "तू पाणीगेट यायची वाट बघू नकोस. आपल्या फाटकातूनच चालव."