चौथी खुर्ची

"पुढच्या रविवारी नाही, अम्मिणी. आज बोलायचं," असं म्हणत गंगाधरन माशांनी, म्हणजे गावच्या जुन्या मास्तरांनी, केळ्याच्या भज्यांची बशी तिच्याकडे सरकवली.

अम्मिणीनं एक भजं उचललं आणि तसंच हातात धरून ठेवलं. तिच्या मांडीवर 'खाडीपलीकडचा दिवा' हे पुस्तक होतं. सातशे पानांची कादंबरी. पंधरा दिवस ती घरात तांदळाच्या डब्यावर पडून होती. आधी मुलीचं बाळंतपण, मग फणसांचा ढीग, मग पाहुणे. अम्मिणीनं तिचं एक पानही उलटलं नव्हतं.

गावच्या वाचनालयात दर रविवारी चार वाजता चार खुर्च्या मांडल्या जात. आपलं चालू पुस्तक टेबलावर ठेवायचं, काय वाचतोय ते सांगायचं आणि चहा प्यायचा. ही कादंबरी पावसाळ्यापासून हातोहात फिरत होती. शाळेतून निवृत्त झालेले माश पहिले, मग ग्रंथपाल सुकुमारन, मग दवाखान्यातली नर्स त्रेस्याम्मा, आणि शेवटी अम्मिणी. नियम एकच, तोही माशांनीच केलेला. न वाचता पुस्तक परत केलं, तर खुर्ची सोडायची.

या खुर्चीसाठी अम्मिणी दोन वर्षं मागच्या बाकावर बसून नुसती ऐकत होती. ती मिळून महिनासुद्धा झाला नव्हता. आता ती गेली असती तर गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

बाकावर आता कुट्टप्पन बसायचा. मळकी लुंगी, अकरा माड आणि एक गाय, एवढाच त्याचा संसार. मागं एकदा त्यानंही खुर्ची मागून पाहिली होती.

"सध्या काय वाचतोस?" माशांनी विचारलं होतं.

"नारळाच्या किडीचं पुस्तक, माश."

"अरे, वाचताना डोळ्यांत पाणी यावं असं काही वाच की!"

"आलं होतं ना," कुट्टप्पन लाजून म्हणाला होता. "दोनदा."

त्यावर सगळे इतके हसले की सुकुमारनला ठसका लागला. बिचाऱ्यानं पुन्हा खुर्चीचं नाव काढलं नाही.

"हं, कर सुरुवात," त्रेस्याम्मा म्हणाली. "की राहिलं वाचायचं?"

अम्मिणीनं हातातलं भजं बशीत परत ठेवलं. तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं. खाकी कव्हर अगदी करकरीत होतं. सुकुमारनचं काम म्हणजे काम. पुस्तक आलं की आधी कव्हर, मग वर ठळक अक्षरात नाव, आणि चिकटपट्टी अशी घट्ट की मूळ पुठ्ठा जन्मात पुन्हा दिसू नये. जूनमध्ये दोन जाडजूड पुस्तकं एकाच दिवशी आली, तेव्हापासून आपलं मनगट धरलंय, असं तो येईल त्याला ऐकवायचा. तारखांची चिठ्ठी मागच्या पुठ्ठ्याच्या आत असल्यामुळं शिक्का मारण्यापुरतं तो प्रत्येक पुस्तक मागूनच उघडायचा.

"मला होडीवाला फार आवडला," अम्मिणी म्हणाली.

हे माशांचं होतं. होडीवाला कसा बुडतो, हे त्यांनी दोन रविवार डोळे मिटून सांगितलं होतं.

"आणि त्याची सासू! काय तोंड आहे बाईचं!"

ही सुकुमारनची.

"पुराचा प्रसंग वाचताना तर चुलीवरचा भात करपला माझा."

तो त्रेस्याम्माचा. तिघांच्या माना डोलत होत्या. अम्मिणीला धीर आला, आणि धीर आला की तिची जीभ सुटायची.

"पण खरी गंमत पुढंच आहे. सगळे त्याचं बारावं-तेरावं करून मोकळे होतात, आणि हा पठ्ठ्या पोहत परत येतो! सासूच्या दारात उभा राहून म्हणतो, 'जेवायला काय आहे?'"

डोलणाऱ्या माना थांबल्या. सुकुमारन छताकडं पाहू लागला. अम्मिणीला वाटलं, संपलं! दे ठोकून करायला गेले आणि तोंडघशी पडले.

माशांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"शाबास! अगदी शेवटच्या पानावर येतं ते. घाईनं वाचणाऱ्यांच्या हातून निसटतं."

"मी तिथंच तर दुसऱ्यांदा रडले," त्रेस्याम्मा म्हणाली. "म्हटलं, तुला आधी सांगून मजा कशाला घालवू!"

"सासूचा चेहरा पाहण्यासारखा होतो तेव्हा," सुकुमारननं भर घातली.

अम्मिणी खुर्चीत सैल झाली. देवच पावला म्हणायचा! होडीवाला खरंच परत येतो की! आनंदानं तिनं एकदम दोन भजी तोंडात घातली. माशांनी तिच्यासाठी खास दुधाळ चहा सांगितला.

तेवढ्यात बाकावरून कुट्टप्पन उठला. काखेतलं जाडजूड खाकी पुस्तक त्यानं टेबलावर, अम्मिणीच्या पुस्तकाशेजारी ठेवलं. वर सुकुमारनच्या ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'नारळावरील कीड व उपाय'.

"परत घ्या सुकुमारन. संपलं एकदाचं," तो म्हणाला. "सातशेच्या सातशे पानं वाचली. फार सुंदर आहे हो! ती बाई नवऱ्यासाठी रोज दिवा लावते ना, तिथं मला पुन्हा रडू आलं. पण माझ्या माडांचं काय? कीड काही शेवटपर्यंत आली नाही."

चहाचा पेला माशांच्या ओठांपाशीच थांबला.

"आणि होडीवाला?" अम्मिणीनं हळूच विचारलं.

"होडीवाला कुठला, अम्मिणी चेची? पहिल्याच पानावर खाडी आटलेली असते की!"

चौघांनीही टेबलावरच्या 'खाडीपलीकडच्या दिव्या'कडं पाहिलं. हात मात्र कुणाचाच पुढं होईना. शेवटी अम्मिणीनं तेलकट बोटं पदराला पुसली आणि ते पुस्तक पुढून उघडलं.

पहिल्याच पानावर, पान भरून, माड पोखरणाऱ्या गेंड्या भुंग्याचं चित्र होतं.