डोळ्यांदेखत

दार ढकलून तो माणूस आत आला, तेव्हा प्राध्यापक जीवराम चौधरी फळ्याकडे तोंड करून लिहीत होते. 'साक्षीदार नेमकं काय पाहतो?' एवढं लिहून झालं होतं.

तो माणूस सरळ दुसऱ्या रांगेपाशी आला. कुंदा तायडे वकिलांच्या शेजारी डॉक्टर मंदा साळवे बसल्या होत्या. त्यांचं मनगट धरून तो हलक्या आवाजात म्हणाला, "चाल. बाहेर गाडी उभी शे."

डॉक्टरबाई उठल्या. त्यांनी एकदा कुंदाकडे पाहिलं. ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. त्यांची खुर्ची धाडकन कलंडली आणि दोघं दाराबाहेर गेलीसुद्धा. मागोमाग जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

खुर्चीच्या आवाजानं प्राध्यापक वळले. दोन तरुण वकील दाराकडे धावत निघाले होते. कोणीतरी "अरे, काय चाललंय?" म्हणालं. प्राध्यापकांनी हातातला खडू वर केला.

"बसा. सगळे बसून घ्या. कोणी बाहेर जायचं नाही. हा आपल्या धड्याचाच भाग आहे."

सभागृहानं सुस्कारा सोडला. मग हशा पिकला. धुळ्यातल्या वकिलांनी हे शिबिर भरवलं होतं आणि पहिल्यांदाच वकिलांबरोबर डॉक्टर, इंजिनिअर, बँकेतले अधिकारी यांनाही बोलावलं होतं. कोर्टात साक्ष द्यायची वेळ या मंडळींवरही येते, तेव्हा वकिलांनी आणि त्यांनी एकमेकांकडून शिकावं, अशी कल्पना.

"कागद घ्या," प्राध्यापक म्हणाले. "काय पाहिलंत ते लिहा. शेजाऱ्याशी बोलू नका."

कुंदाची छाती अजून धडधडत होती. बोदवडच्या कोर्टात ती सहा वर्षं वकिली करत होती, पण असं काही तिनं पाहिलं नव्हतं. आणि थोडा रागही आला होता. सकाळी चहा घेताना डॉक्टरबाईंनी किती गंभीरपणे सांगितलं होतं, की उद्या त्यांची कोर्टातली पहिली साक्ष आहे. कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या एका हमालाला मारहाण झाली होती. मरण्याआधी त्यानं मारणाऱ्यांची नावं सांगितली, ती ऐकायला खाटेजवळ त्या एकट्याच होत्या.

"वकील फार अंगावर येतात का हो, ताई?" त्यांनी विचारलं होतं.

"येतात. तुम्ही ऐकलं तेवढंच सांगा. घाबरायचं कशाला?" कुंदानं धीर दिला होता. आणि ही बाई तेव्हापासून आपल्याशी नाटक करत होती तर.

कागद वाचून दाखवायला सुरुवात झाली. बँकेतल्या बन्सीलालभाऊंनी पांढरा सदरा लिहिला होता, एका इंजिनिअरनं खाकी. कोणाला दाढी दिसली होती, कोणाला नुसत्या मिशा. प्रत्येक उत्तराला लोक हसत होते. प्राध्यापक खुशीत होते.

"आणि बाईंच्या शेजारी कोण होतं?"

कुंदा उभी राहिली.

"समजा, मी आरोपीचा वकील. सांगा, बाईंना त्यानं ओढून नेलं, की त्या स्वतःहून गेल्या?"

"ओढून नेलं, सर."

"त्या ओरडल्या?"

"नाही."

"हात सोडवायला झटापट केली?"

"तशी दिसली नाही."

"तुमच्याकडे मदत मागितली?"

"माझ्याकडे पाहिलं."

"पाहणं म्हणजे मागणं का, वकीलबाई?"

मागच्या रांगांत कोणी खुदकन हसलं. बोदवडला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसांना कुंदानंही असेच प्रश्न विचारले होते. दुसऱ्या बाजूनं ते इतके बोचत असतील, हे तिला ठाऊक नव्हतं.

"त्या घाबरल्या होत्या, सर."

"हे तुम्ही पाहिलंत, की तुम्हाला वाटलं?"

तिला ती नजर आठवली. ओठ हलले होते. काय म्हणायचं होतं त्यांना? पण आठवून काय उपयोग, ऐकू तर काहीच आलं नव्हतं. सगळं सभागृह तिच्याकडे पाहत होतं.

"वाटलं," ती म्हणाली.

"म्हणजे शपथेवर तुम्ही एवढंच सांगू शकता, की बाई आपल्या पायांनी चालत गेल्या. बरोबर?"

नाही म्हणावं, असं कुंदाला फार वाटत होतं. पण नाही म्हणायला हाताशी एकही मुद्दा नव्हता.

"बरोबर."

टाळ्या पडल्या. प्राध्यापकांनी तिला मायेनं खाली बसायची खूण केली. "वाईट वाटून घेऊ नका. शेजारी बसलेल्या, कायदा शिकलेल्या माणसाची ही गत, तर खेड्यातल्या बिचाऱ्या साक्षीदाराचं काय होत असेल? हेच मला दाखवायचं होतं."

कुंदा बसली नाही. कलंडलेली खुर्ची तिनं सरळ केली.

"सर, आता त्यांना आत बोलवा ना. बाहेर ऊन फार आहे."

"बोलावतो, बोलावतो. जळगावचा नट आहे तो. गोंधळ घाल, एवढंच मी त्याला सांगितलं होतं. बाईंना त्यानं कसं तयार केलं, ते आता त्याच्याच तोंडून ऐका." प्राध्यापकांनी दाराकडे पाहून हाक मारली, "या हो, तोताराम!"

दार लगेच उघडलं. घामानं निथळणारा एक किडकिडीत माणूस धापा टाकत आत आला. त्याच्या खांद्याला पिशवी होती आणि चिकटवायच्या मिशा अजून हातातच होत्या.

"माफ करा, सर. पारोळ्याच्या पुढं एस.टी. बंद पडली," तो म्हणाला. "अजून वेळ गेली नाही ना?"