शिंगोबाचं शेवटचं पान

"नाव एकच छापायचं," नवरा म्हणाला. "माझं."

संपादकबाई मुखपृष्ठाचा कागद गुडघ्यावर धरून बसल्या होत्या. त्यांच्या मासिकात नऊ वर्षं चाललेली मांगा, म्हणजे जपानी धाटणीची चित्रकथा, या अंकात संपणार होती. मग तिचं पुस्तक निघणार होतं; मुखपृष्ठ त्याचंच होतं. शेवटची सोळा पानं न्यायला त्या स्वतःच घरी आल्या होत्या. छापखाना पाचपर्यंत थांबणार होता. साडेतीन वाजले होते.

"आणि ह्यांचं?" त्यांनी खिडकीजवळच्या टेबलाकडे पाहिलं.

"ती गिरवते हो. मी काढायचं, तिने वरून शाई फिरवायची. पहिलीतली पोरं अक्षरं गिरवतात ना, तसं." तो हसला. "चहा टाकू?"

खिडकीशी बायको पंधराव्या पानावर होती. तिचा टाक थांबला. निबेवर शाईचा थेंब जमला. तो तिने दौतीच्या काठाला निपटला आणि पुढची रेघ ओढली.

गोष्ट दातांच्या एका डॉक्टरणीची आणि एका राक्षसाची होती. सुळा ठणकतो म्हणून राक्षस तिच्या दवाखान्यात येतो आणि परत जायचं नाव घेत नाही. पहिल्याच अंकात बायकोच्या हातून टाक घसरला आणि त्याचा डावा सुळा वाकडा आला. दुरुस्तीला वेळ नव्हता. पुढच्या महिन्यात त्या सुळ्यावर जीव ओवाळून टाकणारी पत्रं पोत्याने आली. वाचकांनी राक्षसाचं नाव शिंगोबा ठेवलं. एका मुलाखतीत नवऱ्याने सांगितलं, "तो सुळा वाकडा ठेवायला मला तीन महिने विचार करावा लागला." ती शेजारच्याच खुर्चीत होती. घरी येऊन तिने भांडी घासली. घासून ठेवलेलीही पुन्हा घासली.

कामाची रीत ठरलेली होती. तो पेन्सिलीने काढायचा. ती शाईने पक्कं करायची. शाई वाळली की ती खोडरबर फिरवून खालची पेन्सिल पुसायची आणि रबराचा कीस पत्र्याच्या डबीत झाडायची. सुरुवातीला एका पानाचा कीस मूठभर निघे. तेव्हा त्याची पेन्सिल खरोखर देखणी होती. पुसताना तिला जिवावर यायचं. मग पुरस्कार आले, भाषणं आली. मूठभराचा चमचाभर झाला. हल्ली चेहऱ्याच्या जागी एक गोल असे आणि शेजारी बाण काढून दोन शब्द. 'राक्षस, चिडलेला.' 'बाजार, गर्दी.' 'डोळे तू बघ.'

तिने पंधरावं पान बाजूला ठेवलं आणि सोळावं ओढलं.

"शेवटी शिंगोबाची शिंगं का उडवलीस?" तिने विचारलं.

"माणूस होतो तो. तिच्या प्रेमाने. लोकांना शेवट गोड लागतो."

"तिने राक्षसाशी लग्न केलंय. माणूसच हवा असता तर दवाखान्याबाहेर रांग होती माणसांची."

संपादकबाईंना हसू फुटलं. नवऱ्याला ते आवडलं नाही.

"अगं, गोष्ट माझी आहे," तो म्हणाला. "तू गिरव."

तिची कानशिलं तापली. हात मात्र स्थिर होता. नऊ वर्षांत टाकाने त्याला तेवढं शिकवलं होतं. तिने पानाकडे पाहिलं. दोन गोल होते. एकाला केसांची रेघ होती. मधे बाण: 'मिठी. आता माणूस. चेहरा सुंदर, तू बघ.' खाली कोपऱ्यात त्याची सही होती. तीही पेन्सिलीत. तीही दर महिन्याला बायकोच शाईने पक्की करायची.

तो चहा घेऊन आला तेव्हा ती पान झाडत होती.

"झालं?"

"झालं."

तिने गठ्ठा संपादकबाईंच्या हातात दिला. त्या एकेक पान उलटत गेल्या. वाकड्या सुळ्याशी त्या दर वेळी थोड्या रेंगाळल्या. शेवटच्या पानाशी त्या थांबल्या. त्यांनी ते उलटून पाहिलं, मग खिडकीच्या उजेडात धरलं. पान कोरं होतं.

नवऱ्याने ते हिसकावून घेतलं. "हे काय केलंस? माझं पान कुठंय?"

तिने डबीचं झाकण उघडलं आणि त्याच्या चहाच्या बशीत डबी उपडी केली. कडेला कीस पडला. चिमूटभर.

"हे घे," ती म्हणाली. "नेहमीसारखंच पुसलं. आज फक्त गिरवलं नाही."

तो बशीकडे पाहत राहिला. संपादकबाईंनी घड्याळ पाहिलं. मग मुखपृष्ठाचा कागद घेऊन त्या खिडकीजवळ आल्या, पेनचं टोपण काढलं आणि अडखळल्या. नऊ वर्षांत हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"तुमचं नाव काय हो?"

"थांबा," ती म्हणाली. तिचा आवाज आता चढला होता. तिने नवऱ्याच्या हातातून कोरं पान ओढून घेतलं, टाक दौतीत बुडवला आणि पेन्सिलीला हातही न लावता, थेट शाईने, आधी शिंगं रेखाटली.