मोर्चा धरला

मालकाच्या फाटकापाशी सगळ्यांचे पाय आपोआप थांबले. आतून चार गडी काठ्या घेऊन बाहेर आले.

रखमीने पदर खोचला. वेठीला जायला नाही म्हणाला म्हणून तिचा नवरा मंगळ्या कालपासून इथल्या भाताच्या कोठारात कोंडलेला होता. धसईच्या बाजारात लाल बावट्याचा एक माणूस म्हणाला होता, "मोर्चा काढा." म्हणून अख्खा पाडा डोंगर उतरून आला होता. इथवर पोचल्यावर पुढे काय करायचं, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आत पाऊल टाकाल तर तंगड्या मोडीन!" त्यांच्यातला मुकादम ओरडला. मागची माणसं सरकू लागली.

तेवढ्यात म्हातारा कुंडलिक लंगडत पुढे आला. पहिल्या महायुद्धात तो पलटणीबरोबर बसऱ्याला गेला होता आणि पाय अधू करून परतला होता. तो सरळ फाटकासमोर धुळीत बसला.

"बाबा, उठा. मारतील," रखमी म्हणाली.

"मोर्चा नुसता काढायचा नसतो गो, धरायचा असतो. पलटणीत मोर्चा म्हंजे मातीत खणलेला खड्डा. त्यात बसायचं, जागा सोडायची नाय. तिकडचा इराणी खेचरवाला सांगायचा, त्यांच्यात मुंगीला मूर म्हणतात, त्याच्यावरनं हा शब्द आला. मुंगी बसते ना माती उकरून, तसं."

"आपला खड्डा कुठं हाय?"

"बूड तर हाय ना?"

कुणीतरी फिसकन हसलं. रखमी त्याच्या शेजारी बसली. मग बाया बसल्या, मागोमाग बाप्ये.

मुकादमाने म्हाताऱ्याच्या खांद्यावर काठी हाणली. कुंडलिक कलंडला, हात टेकून पुन्हा ताठ झाला. दुसऱ्यांदा काठी उगारली गेली तेव्हा रखमीने मान खाली घातली नाही. ती मुकादमाकडे बघत राहिली. काठी तशीच वर राहिली, मग हळूच खाली आली.

ऊन कललं. खळ्यावरून आलेल्या भाताच्या गाड्या बसलेल्या माणसांमागे अडकून पडल्या, बैल जू झटकू लागले. ओटीवरून मालक दोनदा बघून गेला. शेवटी त्याने किल्ली पाठवली.

मंगळ्या भिंतीला धरत बाहेर आला. रखमी धडपडत उठायला गेली.

"उठू नको," तो म्हणाला. "सापगावचा एक म्हातारा आत हाय अजून."

आणि तो तिच्याजवळ धुळीत बसला.