सपाट जागा

आत्याचं बोट मोहरीवरून रव्यावर आलं, रव्यावरून पुढे सरकलं आणि एकदम घसरलं. पुढे नुसतं गुळगुळीत प्लास्टिक.

“इथे पान संपलं?”

“नाही हो,” साचे बनवणाऱ्या बाई म्हणाल्या. “पान पुढे आहे. ती जागाच सपाट आहे.”

अंध मुलांच्या पुस्तकांतली चित्रं या खोलीत तयार होत. पुठ्ठ्यावर दोरे, बटणं, धान्य चिकटवायचं, वरून तापवलेलं प्लास्टिक ओढून घ्यायचं, की झालं बोटांनी बघायचं चित्र. आकाशाच्या पुस्तकात मोठा तारा म्हणजे मोहरी, छोटा तारा म्हणजे रवा. चमकतं ते उंच, काळं ते सपाट. पहिल्या पानापासून हाच नियम.

हे शेवटचं पान. आकाशगंगेच्या मध्याजवळचा ढग, ज्यात तारे जन्मतात. आत्याने बावीस वर्षं त्याच एका ढगाचा अभ्यास केला होता. घरातले म्हणत, हिचं सासर सव्वीस हजार प्रकाशवर्षं लांब, म्हणून माहेरीच राहिली. आत्याही हसायची. तीन वर्षांपूर्वी तिचे डोळे गेले. डोळ्यांची चौकशी सगळ्यांनी केली. ढगाची कोण करणार?

आज तिने हे पान बरोबर आहे म्हटलं, की संध्याकाळी हजार प्रती निघणार होत्या.

तिला हात धरून आणलं होतं भाचीने. बोलण्यामुळे भाचीला सगळे टकळीच म्हणत. टकळीचे बाबा खाली गाडीत बसले होते. दहा मिनिटांच्या कामाला वर कशाला यायचं, असं त्यांचं म्हणणं.

“टकळे, फोटोत बघ गं. इथे काय दिसतंय?”

ज्यावरून हे पान केलं होतं, तो फोटो टकळीने अगदी नाकाला लावला. सगळीकडे ताऱ्यांचा नुसता चुरा सांडलेला, आणि मधोमध एक डाग, शाई लवंडल्यासारखा. काहीतरी छान सांगावं असं तिला फार वाटलं. पण एरवी न थांबणारी जीभ नेमकी आजच अडली.

“काळं आहे, आत्या. काहीच नाहीये तिथे.”

“तुझा बाबाही असंच म्हणायचा.”

मग आत्याने बाईंना शांतपणे सांगितलं, की तो डाग म्हणजेच तिचा ढग; ती जागा रिकामी नाही, सगळ्यांत दाट आहे. इतकी दाट, की मागच्या ताऱ्यांचा उजेड तिच्यातून पार होत नाही. पुढचे तारे तिथेच तयार होताहेत.

बाईंना पटलं, पण नियमाचं काय? उंच केलं तर मुलांना वाटणार चमकतंय. पॉलिशपेपर लावला तर वाटणार चंद्रावरची माती, कारण चौथ्या पानावर तो मातीला वापरून झाला होता. एवढासा तर डाग आहे, राहू दे सपाट, असं म्हणून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

“हजार मुलांचं बोट इथे येईल,” आत्या म्हणाली. “आणि त्यांना वाटेल, इथे कोणीच राहत नाही.”

तिने पर्समधून चष्म्याची डबी काढली. चष्म्याचा आता उपयोग नव्हता, पण डबी रोज बरोबर असायची. आतलं काचा पुसायचं मऊ फडकं तिने टकळीच्या हातात दिलं. टकळीने फोटोवर ठेवून ढगाच्या आकाराचं कापलं, बाईंनी साच्यावर चिकटवलं. यंत्र घरघरलं. नवं पान कोमट निघालं.

बोट पुन्हा मोहरीवरून रव्यावर आलं, रव्यावरून पुढे गेलं आणि थांबलं. उंच नाही, खरखरीत नाही. फक्त थांबवणारं काहीतरी. बाईंनी हळूच विचारलं, पाठवू का? आत्याने मान हलवली, पण बोट उचललं नाही.

जिन्यात पावलं वाजली. बाबा दारात उभे राहिले, धापा टाकत.

“काय हे, ताई. दहा मिनिटांचा तास झाला. एका जागी बोट ठेवून काय बसलीयेस? चल.”

“आले रे,” आत्या म्हणाली. “बाहेर पडायला वेळ लागतोय. फार गर्दी आहे इथे.”

बाबांनी तिच्या बोटाशी वाकून पाहिलं. पांढरं, कोरं प्लास्टिक.